कर्जबाजारी कुटुंबास सल्ला : विस्तारकार्याचे एक दुर्लक्षित अंग

सुधारित बियाणे, मातीची तपासणी, ठिबक सिंचन, किडींचा बंदोबस्त ह्या विषयांवर ग्रामपातळीवरील कार्यकर्ता शेतकऱ्याशी तासन् तास बोलू शकतो. त्यासाठी त्यास शिक्षण मिळालेले असते, पुस्तिका मिळालेल्या असतात आणि वरिष्ठांची विचारणाही त्याच कामाविषयी होत असते. परंतु तोच शेतकरी बांधावर उभा राहून "साहेब, तुमचं सगळं खरं, पण औंदा पेरायलाच पैसा नाही," असे म्हणू लागला, की कार्यकर्त्याचे शब्द संपतात. बँकेत चौकशी करा, असे सांगून तो पुढील गावाची वाट धरतो. वस्तुतः ज्या कुटुंबाचा कापूस वेचणीपूर्वीच दुकानदाराच्या उधारीस लागलेला आहे, त्यास उत्पादनवाढीचा उपदेश करणे म्हणजे दुसऱ्याच्या खळ्यावर रास वाढविण्यास सांगणे होय. वाढलेले दोन क्विंटल कोणाच्या घरी जाणार, हे त्यास पक्के ठाऊक असते. मग तो सल्ला ऐकून घेतो, मान डोलावतो आणि मागील वर्षीप्रमाणेच पेरतो. त्यास अडाणी किंवा हेकट म्हणण्याची चूक पुष्कळांकडून होते.

म्हणून कर्जसल्ल्यास विस्तारकार्यात नियमित स्थान मिळणे अगत्याचे आहे. कर्जसल्ला म्हणजे कर्ज मिळवून देणे नव्हे, माफ करविणे नव्हे, आणि लग्नात खर्च करू नका, व्यसन सोडा, असा उपदेश तर मुळीच नव्हे. कर्जात बुडालेल्या कुटुंबाशेजारी बसून त्याच्या सर्व देण्याचा हिशेब मांडणे, त्यांतील कोणते देणे न्याय्य व कोणते अन्याय्य हे समजावून देणे, फेडीचा क्रम ठरविण्यास मदत करणे आणि गरज पडल्यास धनकोशी बोलताना त्याच्या बाजूस उभे राहणे, इतका त्याचा अर्थ आहे. हे काम लहान दिसते, पण ते करणारे माणूस खेड्यात सहसा सापडत नाही.

ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. दिनांक १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नसून त्यांच्या पेटीतील रोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता. कागदावर काय लिहिले आहे हे ऋणकोस कळत नव्हते, आणि न कळलेल्या कागदापायी जमीन जात होती. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस प्रथम लागू करण्यात आला. त्यात रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, सावकाराने पावती व हिशेब द्यावा, आणि दावा कोर्टात जाण्यापूर्वी समेट घडवून आणणाऱ्या माणसापुढे यावा, अशा तरतुदी होत्या. पुढे मध्यप्रांतात १९३३ मध्ये कर्जाचा समेट घडविणारी मंडळे स्थापण्याचा कायदा झाला, आणि मुंबई प्रांतात १९३९ मध्ये शेतकरी ऋणकोंच्या साहाय्याचा कायदा आला. ह्या सर्वांच्या यशापयशाची चर्चा येथे नको. परंतु प्रत्येक पिढीच्या कायदेकारांस एकच गोष्ट पुनःपुन्हा सुचली, ती ध्यानात घेण्याजोगी आहे : ऋणको व धनको ह्यांच्यामध्ये हिशेब वाचून दाखविणारा कोणी तिसरा माणूस असला पाहिजे.

आज हा तिसरा माणूस पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाला आहे. सुप्याच्या शेतकऱ्याचे कर्ज एका सावकाराच्या एका पेटीत असे. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१ इतकाच आढळला, आणि बहुतेक कर्ज सावकारांचेच होते. तेव्हा अडचण होती ती योग्य कर्ज मिळण्याची. त्यानंतर विकास सोसायट्या गावोगाव झाल्या, बँकांच्या शाखा निघाल्या, १९९८ पासून किसान क्रेडिट कार्ड आले, महिला बचत गट उभे राहिले, सूक्ष्म वित्तसंस्थांचे प्रतिनिधी दारोदार फिरू लागले, आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरून काही मिनिटांत कर्ज देणारी ॲप आली. सावकार व कृषी सेवा केंद्राची उधारी तर होतीच. परिणाम असा, की एकाच घरात पाच-सहा ठिकाणचे देणे असते. सोसायटीचे पतीच्या नावे, गटाचे पत्नीच्या नावे, ॲपचे मुलाच्या भ्रमणध्वनीवर, आणि सावकाराचे कोणाच्याच नावे नाही. ह्या देण्याचे एकत्र चित्र धनकोंपैकी कोणासही दिसत नाही, आणि खुद्द घरधन्यासही दिसत नाही.

म्हणून कर्जसल्ल्याचे पहिले व सर्वांत मोठे काम म्हणजे सर्व देणे एका कागदावर उतरविणे. हे काम घाईने होत नाही. पहिल्या बैठकीत शेतकरी जो आकडा सांगतो तो सहसा निम्मा असतो. तो खोटे बोलतो असे नव्हे. लाजेने काही कर्ज तो बोलत नाही, काही कर्जास तो कर्ज समजत नाही, आणि काहींचा त्यास खरोखरच पत्ता नसतो. मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, दुकानातील खतांची उधारी, आडत्याकडून घेतलेली उचल ही त्याच्या मते 'कर्जे' नव्हेत. म्हणून पहिल्या भेटीत फक्त ऐकावे, आणि दुसऱ्या भेटीस घरातील सर्व कागद, पासबुके, हप्त्यांची कार्डे व सातबाऱ्याचा उतारा काढून ठेवण्यास सांगावे. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' ह्या रकान्यातील बोजा पाहिला, की विसरलेली कर्जे आठवू लागतात. हयात असलेला कर्जाचा पत-अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तोही मागवावा, कारण कधी दुसऱ्यासाठी जामीन राहिल्याचे देणे त्यातच प्रथम दिसते. जामीनदार हा कायद्याने मूळ ऋणकोइतकाच जबाबदार असतो, ही गोष्ट सही करताना पुष्कळांस ठाऊक नसते.

ह्या बैठकीस घरातील स्त्री उपस्थित असलीच पाहिजे. अनेक घरांत तिच्या नावे गटाचे कर्ज असते आणि हप्ता गोळा करण्याची धावपळ तीच करते. घरात पीठ किती दिवसांचे आहे, हेही तिलाच ठाऊक असते. पतीचे सावकारी कर्ज मात्र पुष्कळदा तिच्यापासून लपविलेले असते. तिला बाहेर ठेवून केलेला हिशेब अर्धवट ठरतो, आणि तिच्या संमतीवाचून ठरविलेली फेडीची योजना पहिल्या महिन्यातच मोडते.

उदाहरणादाखल पाच एकर कोरडवाहू जमिनीत कापूस व तूर घेणारे विदर्भातील एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घरधनी म्हणतो, कर्ज दोन लाखांच्या आत आहे. कागद मांडला असता सोसायटीचे पीककर्ज ९०,००० रुपये, वर्षापासून थकीत. कृषी सेवा केंद्राची उधारी ३५,०००. पत्नीच्या नावे सूक्ष्म वित्तसंस्थेचे ४५,०००. बँकेत सोने ठेवून घेतलेले ५०,०००. नातलगाचे बिनव्याजी ४०,०००. आणि मुलीच्या लग्नात सावकाराकडून घेतलेले १,००,००० रुपये, दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने, दोन एकरांचे 'विश्वासाचे' खरेदीखत लिहून देऊन. बेरीज ३,६०,००० रुपये होते.

आता व्याज पाहावे. सावकाराचे वर्षाचे व्याज ३६,००० रुपये. सोसायटीच्या थकबाकीवर शेकडा बारा धरले तर १०,८००. वित्तसंस्थेचे सुमारे १०,०००. सोन्यावरील कर्जाचे ५,००० धरावे. एकूण ६१,८०० रुपये. सावकाराचे मुद्दल एकंदर कर्जाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे, पण व्याजाचा निम्म्याहून अधिक भाग तो एकटा नेतो. शेतीचा खर्च व घरखर्च वजा जाता ह्या कुटुंबाकडे सामान्य वर्षात ३५,००० रुपये उरतात असे मानले, तर नुसते व्याजसुद्धा शिलकेत भागत नाही. म्हणजे हे कुटुंब कितीही राबले तरी दरवर्षी अधिक खोल जाणार. हे आळशीपणाने किंवा उधळेपणाने घडत नसून गणिताने घडत आहे, आणि ही गोष्ट कागदावर पाहिल्यावर घरातील माणसे एकमेकांस दोष देण्याचे थांबवतात, असा ह्या कामाचा मोठा लाभ आहे.

ह्यानंतर क्रमाचा प्रश्न येतो. अडचणीतील माणूस जो धनको सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याचे पैसे प्रथम देतो. दारात येऊन बसणाऱ्या वित्तसंस्थेच्या माणसास आणि चारचौघांत अपमान करणाऱ्या सावकारास पैसे मिळतात. सोसायटीचा गटसचिव ओरडत नाही, म्हणून सोसायटी मागे राहते. परंतु सोसायटी थकली की नवे पीककर्ज बंद होते, आणि पुढील पेरणीसाठी पुन्हा सावकाराचेच दार उरते. महाराष्ट्रात २०२१-२२ पासून तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्यास ते व्याज-सवलतीमुळे शून्य टक्के दराने पडते. एका बाजूस शून्य व दुसऱ्या बाजूस छत्तीस. स्वस्त कर्जाचे दार उघडे ठेवण्यासाठी महाग कर्जदारास थांबविणे हा योग्य क्रम असताना बहुतेक घरांत नेमके उलट चालते.

येथे 'नवे-जुने' ह्या प्रथेविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. मार्च महिन्यात सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांसाठी रक्कम उचलावयाची, सोसायटीचे जुने कर्ज फेडल्याचे दाखवावयाचे आणि नवे कर्ज हाती येताच सावकारास परत करावयाचे, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. कागदोपत्री वसुली होते, संस्थेचे व शाखेचे आकडे चांगले दिसतात, आणि शेतकऱ्याच्या हातात पेरणीसाठी काहीच उरत नाही. सल्ला देणाऱ्याने ह्या प्रथेस हातभार लावू नये. ज्या वर्षी पीक बुडाले त्या वर्षी सरळ मार्ग कर्जाचे पुनर्गठन मागण्याचा आहे. नैसर्गिक आपत्तीविषयीच्या रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असल्यास अल्पमुदतीच्या पीककर्जाचे दीर्घ मुदतीत रूपांतर करण्याची वाट ठेवलेली होती. ५० टक्क्यांहून कमी हानीस दोन वर्षे व त्याहून अधिक हानीस पाच वर्षे, आणि दोहोंत पहिले वर्ष फेडीवाचून. ह्या विषयातील चालू नियम कोणता, हे त्या त्या हंगामात जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडून कार्यकर्त्याने समजून घ्यावे. मात्र मुदत टळून खाते थकीत झाल्यावर ही वाट अरुंद होते. बँकेकडे जावयाचे ते कर्ज थकण्यापूर्वी. थकल्यावर तोंड चुकविणारा शेतकरी आणि थकण्यापूर्वी अर्ज घेऊन आलेला शेतकरी ह्यांत बँक फरक करते, आणि करणे रास्तही आहे.

सावकारी कर्जाविषयी शेतकऱ्यास आपले हक्क सहसा ठाऊक नसतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच वर्षी शासनाने शेतकऱ्यास दिलेल्या कर्जासाठी तारण असल्यास वर्षास ९ टक्के व नसल्यास १२ टक्के असे दर ठरवून दिले. दरमहा शेकडा तीन म्हणजे वर्षास छत्तीस, अर्थात तारणी दराच्या चौपट. दामदुपटीचा जुना न्यायही ह्या कायद्याने राखला आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज न्यायालय देववीत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की सावकारीपोटी लिहून घेतलेल्या जमिनीविषयी पंधरा वर्षांच्या आत जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि चौकशीत व्यवहार सावकारीचाच होता असे ठरले तर खरेदीखत रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश निघू शकतो. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, ह्यांच्या कचेरीतून करता येतो.

तथापि कायदा सांगणे आणि तक्रार करविणे ह्यांत अंतर आहे. सावकार हा बहुधा गावातलाच असतो. कधी तो भाऊबंद असतो, कधी अडीअडचणीस रात्री पैसे देणारा एकमेव माणूसही असतो. तक्रार केल्यास पुढील अडचणीस कोण, हा शेतकऱ्याचा प्रश्न खोटा नाही. म्हणून निर्णय कुटुंबाने करावा. सल्लागाराने एवढेच दाखवून द्यावे, की तीन वर्षांत १,०८,००० रुपये व्याज गेले आहे, म्हणजे मुद्दलाहून अधिक. हा आकडा आणि कायद्याचा दर चार प्रतिष्ठितांसमक्ष मांडला, तर पुष्कळ सावकार तडजोडीस येतात, कारण चौकशी त्यांसही नको असते. मात्र तडजोड झाल्यास खरेदीखत रद्द झाल्याचा नोंदणीकृत कागद हाती आल्यावाचून शेवटची रक्कम देऊ नये. तोंडी आश्वासनावर गेलेल्या जमिनी थोड्या नाहीत.

वर कल्पिलेल्या कुटुंबापुरते पाहता मार्ग काहीसा असा निघेल. सोन्याचे भाव वाढलेले असल्याने ५०,००० च्या कर्जापोटी ठेवलेला दागिना आज ८०,००० रुपयांस जाईल असे धरू. तो विकून बँकेचे कर्ज मिटवावे आणि उरलेले ३०,००० कृषी केंद्रास द्यावे. हा निर्णय ज्या स्त्रीचा तो दागिना तिचाच, आणि तिने नाही म्हटले तर तेथेच विषय संपला. सावकाराचे व्याज तारणी दरावर आले तर ३६,००० ऐवजी ९,००० होईल. सोसायटीची थकबाकी हप्त्यांत घ्यावी, किंवा बँकेची एकरकमी परतफेड योजना चालू असल्यास तीत बसवावी. इतके साधल्यास वर्षाचे व्याज सुमारे २९,८०० रुपयांवर येते, म्हणजे शिलकेच्या आत. वित्तसंस्थेच्या हप्त्यातील मुद्दल धरले तर पहिली दोन वर्षे ओढाताणीचीच जाणार आणि नातलगास थांबण्याची विनंती करावी लागणार. परंतु बुडत जाणारे गणित येथे प्रथमच स्थिरावते. एकरकमी योजनेचा एक उपद्रव आधीच सांगून ठेवावा : तडजोडीने मिटलेल्या खात्याची तशी नोंद पत-अहवालात राहते व पुढील कर्जास ती आड येऊ शकते. तसेच खाते मिटल्याचा बेबाकी दाखला घेऊन सातबाऱ्यावरील बोजा उतरविल्यावाचून काम पुरे झाले असे समजू नये.

सूक्ष्म वित्तसंस्थांच्या वसुलीविषयी खेड्यांत फार भय आहे. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे वर्षास तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास दिलेले हे कर्ज विनातारण असले पाहिजे, सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नयेत, आणि सकाळी नऊपूर्वी वा सायंकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करता कामा नये. शिवीगाळ व धमकी ह्यांस तर थाराच नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतही शेतकऱ्याची अवजारे, शेतीस लागणारी गुरे व बियाणे जप्त होत नाहीत. ह्या गोष्टी एकदा गटाच्या बैठकीत वाचून दाखविल्या, तर रात्री दार ठोठावणाऱ्या माणसास बाया स्वतःच उत्तर देऊ लागतात.

पतीच्या मृत्यूनंतर विधवेकडे धनकोंची रीघ लागते, आणि दुःखाच्या भरात ती नव्या कागदांवर सह्या करून बसते. वारसाची जबाबदारी मृताकडून मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच असते. स्वतःच्या नावे नवा रोखा लिहून देण्यास ती बांधलेली नाही. दिवस होईपर्यंत कोणत्याही कागदास हात लावू नका, हा एक निरोप वेळेवर पोचला तरी कर्जसल्ल्याचे सार्थक होईल. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांस व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींस उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. १५१०० ह्या क्रमांकावर चौकशी करता येते.

आता हा सल्ला द्यावा कोणी? बँकेने द्यावा, असे सहज सुचते. परंतु धनकोच्या पगारावरील माणूस ऋणकोस निष्पक्ष सल्ला देईल, अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय करण्यासारखे आहे. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये आर्थिक साक्षरता व पत-समुपदेशन केंद्रांची योजना आखली, तेव्हा ती केंद्रे मूळ बँकेपासून हातभर दूर असावीत असे तीत म्हटले होते. ती दृष्टी योग्य होती. पुढे २०१२ च्या सुधारित सूचनांनंतर ह्या केंद्रांचा भर साक्षरतेवर, म्हणजे खाते कसे उघडावे व विमा कसा घ्यावा ह्यावर, अधिक राहिला. एकेका कुटुंबाशेजारी बसून सोडवणूक करण्याचे काम मागे पडले. शंभर माणसांपुढे केलेल्या भाषणाची नोंद अहवालात सहज होते. एका घरात घालविलेल्या तीन संध्याकाळांची होत नाही.

ह्या कारणास्तव गावाजवळ असलेला, कर्ज न देणारा व वसुलीही न करणारा माणूस ह्या कामास योग्य. कृषी खात्याचा कार्यकर्ता, 'उमेद' अभियानातील कृषी सखी, निवृत्त शिक्षक किंवा गटसचिव ह्यांपैकी कोणीही हे करू शकेल. मात्र ज्याच्याकडे वसुलीचे उद्दिष्ट सोपविलेले आहे, किंवा जो स्वतः व्याजबट्टा करतो, त्यास हे काम देऊ नये. सल्ल्याबद्दल मोबदला घेऊ नये, कुटुंबाचे मूळ कागद स्वतःजवळ ठेवू नयेत, जामीन राहू नये, आणि एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी बोलू नये. गावात शेवटचा नियम सर्वांत अवघड आहे. तो एकदा मोडला की त्या गावात पुन्हा कोणी कागद उघडत नाही.

कर्जमाफी आली की हे सारे अनावश्यक होईल, असे म्हणणारे आहेत. केंद्राची २००८ ची, राज्याची २०१७ ची व २०१९ ची अशा योजना आल्या. त्यांनी अनेक खाती मोकळी केली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ह्या योजना संस्थांच्या शेती-कर्जास लागू होत्या. वरील कुटुंबाच्या ३,६०,००० पैकी फार तर ९०,००० त्यात बसले असते. सावकार, उधारी व हप्ता जसेच्या तसे राहिले असते. शिवाय माफीच्या आशेने फेड थांबविणारा शेतकरी व्याज-सवलत गमावतो आणि घोषणा न झाल्यास थकबाकीदार होतो. माफी द्यावी की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे. ती आली तर तिचा लाभ कागदोपत्री पदरात पाडून घेण्यासही कोणीतरी हिशेब मांडून द्यावाच लागतो.

कर्जसल्ल्याने उत्पन्न वाढत नाही, हेही मान्य केले पाहिजे. काही घरांत सर्व मार्ग तपासूनही शिल्लक उणेच राहते. तेथे खोटी आशा न देता, हे कर्ज शेतीच्या उत्पन्नातून फिटणार नाही, असे सांगावे लागते, आणि जमिनीचा तुकडा विकणे, मक्त्याने देणे किंवा लोकअदालतीत तडजोड करणे ह्यांचा तुलनात्मक हिशेब मांडावा लागतो. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो. म्हणून तेथे जाण्यापूर्वी, आपण देऊ शकू ती कमाल रक्कम घरीच ठरवून जावे.

हिशेब मांडताना माणसाकडेही पाहावे. बोलणे एकाएकी तुटक झाले, झोप उडाली, निरवानिरवीची भाषा येऊ लागली, तर कागद बाजूस ठेवावा. मनात जीव देण्याचे विचार येतात काय, असे शांतपणे विचारल्याने ते विचार उत्पन्न होत नाहीत. उलट बोलण्यास वाट मिळते. अशा माणसास एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवण्यास सांगावे, प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत जावे. 'टेली-मानस' चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस चालू असतो; त्यावर मराठीत बोलता येते.

ह्या भेटींसाठी दोन काळ सोयीचे आहेत. पहिला दिवाळीनंतरचा, जेव्हा कापूस व सोयाबीन विकून हाती पैसा येतो आणि तो कोणास द्यावा हा प्रश्न उभा असतो. दुसरा फेब्रुवारीचा, जेव्हा 'नवे-जुने' ची धावपळ सुरू व्हावयाची असते. एका कार्यकर्त्याने एका हंगामात पाच-सहा घरांपेक्षा अधिक घरे हाती घेऊ नयेत. प्रत्येक घरी कागदाच्या दोन प्रती कराव्यात, दोन्ही त्या घरातच ठेवाव्यात, एक पेटीत आणि एक घरातील स्त्रीजवळ; आणि पुढील भेटीची तारीख कागदाच्या डोक्यावर लिहून मगच उठावे.